फळांची मिल्क टी घरी करताना दूध नासतं कुठे आणि चहा हरवतो कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ताज्या स्ट्रॉबेऱ्या मिक्सरमध्ये फिरवून गरम चहा-दुधात घातल्या, दूध नासलं. मग बाजारातून स्ट्रॉबेरी क्रश आणलं, त्यानंही नासलंच, वर खोकल्याच्या औषधासारखा वास. तिसऱ्या खेपेला डब्यातला आमरस घेतला. दूध टिकलं, पण पेल्यात नुसता मँगो शेक, चहाचा पत्ताच नाही. बोबा, म्हणजे पेल्याच्या तळाशी असतात ते चिवट मोती, म्हणून शिजवलेल्या साबुदाण्याची खळ झाली ती वेगळीच. दुकानात हे सगळं जमतं, मग आपलं माप कुठे चुकतं, हे तुम्हाला हवंय.

माप फारसं चुकलेलं नाही. चुकतोय तो क्रम आणि तापमान. आपल्याकडे चहा म्हणजे पाणी, पावडर, साखर, दूध एका पातेल्यात घालून उकळायचं. आलं-वेलचीच्या चहाला ते शोभतं. फळाच्या मिल्क टीत मात्र तीन गोष्टी एकमेकींना मानवत नाहीत: फळातलं आम्ल, चहातला तुरटपणा आणि दुधातलं प्रथिन. तिन्ही गरम असताना भेटल्या की भांडतात, गार असताना भेटल्या की बऱ्यापैकी जुळवून घेतात. म्हणून तिन्ही वेगवेगळं तयार करायचं, वेगवेगळं गार करायचं आणि पिण्याच्या आधी पाच मिनिटं एकत्र आणायचं.

यामागचं कारण कळलं की पुढची निम्मी मापं तुम्ही स्वतःच ठरवू शकाल. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितका आंबटपणा जास्त. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो. त्यातल्या केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना दूर ढकलत असतात, म्हणून दूध एकसंध दिसतं. आंबटपणा वाढून पीएच ४.६ च्या आसपास आला की हे ढकलणं थांबतं आणि कण एकमेकांना चिकटतात. लिंबू पिळून पनीर करताना आपण हेच मुद्दाम घडवतो. पण ४.६ हा आकडा साध्या तापमानाचा. दूध गरम असेल तर ते इतकी वाट पाहत नाही, पीएच ५ च्या वर असतानाच नासू शकतं. उलट दूध ४-५ अंशांवर थंडगार असेल तर आम्ल तेवढंच असूनही गुठळी धरायला बराच वेळ लागतो. स्ट्रॉबेरीचा पीएच साधारण ३.२ ते ३.५. तो गरम चहा-दुधात गेला की काय होणार हे ठरलेलंच. गुळाच्या चहात दूध नासतं तेव्हाही ‘गूळ शेवटी घाला, गॅस बंद करून घाला’ असं सांगतात ना, तेच तत्त्व इथे जास्त कडकपणे पाळायचं.

क्रशनं का नासलं याचं उत्तर बाटलीवरच असतं. घटकांच्या यादीत बहुधा ‘आयएनएस ३३०’ दिसेल. ते सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्व. टिकण्यासाठी आणि चव उठावदार व्हावी म्हणून घालतात. त्यामुळे फळापेक्षा क्रश सौम्य असेल ही समजूत उलटी ठरते. दुधात घालायला क्रश पुष्कळदा ताज्या फळापेक्षा जास्त त्रास देतं. औषधाचा वास कृत्रिम स्वादाचा. सरबतात आंबटपणामुळे तो झाकला जातो, दुधात उघडा पडतो.

आता दुकानाचं. हे पेय मुळात तैवानचं, १९८० च्या दशकातलं. ताइचुंगचं चुन शुई तांग आणि ताइनानचं हानलिन ही दोन चहागृहं ‘मोत्यांचा चहा आमचाच’ म्हणत दहा वर्षं कोर्टात भांडली. २०१९ मध्ये कोर्टानं सांगितलं की या पेयाचं पेटंट कुणाकडेच नाही, तेव्हा पहिला कोण हा वाद निरर्थक. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. तैवानच्या फलकावर साधी ‘मिल्क टी’ आणि ‘ताज्या दुधाची मिल्क टी’ अशा दोन नोंदी असतात. साध्या मिल्क टीत बहुतेक वेळा दूध नसतंच, नॉन-डेअरी क्रीमर असतो: ग्लुकोज सिरप, वनस्पती तेल, थोडं सोडियम केसिनेट आणि पीएच सांभाळणारं फॉस्फेट. हे मिश्रण आम्लाला दुधाइतकी दाद देत नाही. फळाचा स्वादही पुष्कळ ठिकाणी पावडरीचा असतो आणि पावडरीत आम्ल कमी ठेवता येतं. म्हणजे दुकानदाराच्या हाताला काही जादू नाही, त्याचं ‘दूध’ वेगळं आहे. आपल्याकडचं डेअरी व्हाइटनर हा क्रीमर नव्हे. ती साखर घातलेली दूध पावडर असते आणि दुधासारखीच नासते. खऱ्या दुधाची आणि खऱ्या फळाची चव हवी असेल तर हा फरक मान्य करून पुढे जायचं. चव दुकानासारखी नाही लागणार. माझ्या मते चांगली लागते.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. फळ किती पिकलेलं, दूध गायीचं की म्हशीचं, फ्रिज किती गार करतो, पेय लगेच पिणार की डब्यातून न्यायचंय, यावर उत्तर बदलतं. मी धरून चालतो की साधा फ्रिज आहे, बर्फ आहे आणि पेय केल्या केल्या प्यायचं आहे.

सुरुवात चहापासून. रोजची दाणेदार सीटीसी पावडर चालते, पण ती भरभर उतरते आणि तुरटपणाही भरभर सोडते. अख्ख्या पानाचा ऑर्थोडॉक्स आसाम मिळाला तर उत्तम. नीलगिरीचा चहा मऊ असतो आणि गार केल्यावर फारसा गढूळ होत नाही, त्यामुळे नाजूक फळांना तो बरा. दोन पेल्यांसाठी ३०० मिलि पाणी उकळा, गॅस बंद करा, त्यात १२ ग्रॅम पानाचा चहा किंवा ८ ग्रॅम सीटीसी घाला आणि झाकण ठेवा. पानाला ५ मिनिटं, सीटीसीला ३. घड्याळ लावा. मग गाळा. गाळणीतला चोथा चमच्यानं दाबायचा नाही, त्यातून येतो तो शेवटचा कडू रस. साधारण २५० मिलि अर्क मिळेल.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण तुमच्या आमरसाच्या पेल्यात चहा हरवला तो इथेच. चहा कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका आणि उकळू तर अजिबात नका. वेळ वाढवली की रंग आणि तुरटपणा वाढतो, सुगंध नाही. तुरटपणा आणणारी द्रव्यं केसीनला जाऊन चिकटतात, त्यामुळे आधीच आम्लानं डळमळीत झालेलं दूध आणखी लवकर फुटतं. उकळून काळा केलेला चहा फळाच्या दुधात घालणं म्हणजे दोन्हीकडून धक्का.

अर्क गरम असतानाच साखर विरघळवून घ्या, पेल्यामागे १५ ते २० ग्रॅम. गार पेयात साखर तळाशी बसते आणि जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून चाखताना थोडं जास्त गोड वाटलं तरी चालेल. मग पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून गार करा आणि फ्रिजमध्ये टाका. गार झाल्यावर अर्क गढूळ दिसला तर घाबरू नका. चहातलं कॅफीन आणि रंगद्रव्यं थंडीत एकत्र येतात, म्हणून तसं होतं. दूध घातल्यावर ते दिसतही नाही.

‘गार कशाला करायचा, बर्फ घालतोच आहोत की’ असं वाटेल. हिशेब करून बघा. ८० अंशांवरचा १२० मिलि चहा ५ अंशांवर आणायला साधारण ११० ग्रॅम बर्फ वितळतो, म्हणजे पेल्यातला जवळपास सगळा. तेवढंच पाणी पेल्यात मिसळलं. तोच चहा ३० अंशांवर असेल तर ३५-४० ग्रॅम वितळतो आणि फ्रिजमधला असेल तर अगदी थोडा. पाणचट मिल्क टीचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच असतं.

ग्रीन टी किंवा जास्मिन वापरणार असाल तर पाणी ८० अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी साधं पाणी एकत्र करा, बरोबर तिथे पोचतं. १० ग्रॅम पत्ती, ३ मिनिटं. यावर लिची आणि खरबूज सुरेख बसतात. आमरस बसत नाही, तो ग्रीन टीला गिळून टाकतो.

दुधाबद्दल. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो, फुल क्रीममध्ये ६. फळाच्या चहाला फुल क्रीम घ्या. स्निग्धांश चहाचा तुरटपणा बोथट करतो आणि फळाची चव जिभेवर जरा जास्त वेळ ठेवतो. त्याहून बरं म्हणजे ६० मिलि दूध आणि २० मिलि ताजी क्रीम. क्रीममध्ये प्रथिन कमी आणि फॅट जास्त, त्यामुळे नासण्यासारखा ऐवजच कमी होतो. म्हशीच्या दुधात केसीन जास्त असतं, ते फुटलं तर जाड रवाळ फुटतं. घरी उकळून ठेवलेलं दूध न उकळलेल्या पाश्चराइज्ड दुधापेक्षा किंचित लवकर नासतं, कारण उकळताना दुधातली इतर प्रथिनं केसीनला चिकटून बसतात. पिशवी खात्रीच्या दुकानातून थंड आणली असेल तर तेच दूध थेट फ्रिजमधून वापरा. सुटं दूध मात्र उकळल्याशिवाय वापरू नका, इथे चवीसाठी धोका पत्करण्यात अर्थ नाही. दोन दिवसांचं दूध कुठलंही असो, ते रोजच्या साध्या चहातच संपवा. त्याचा पीएच आधीच खाली घसरलेला असतो आणि दोष मग बिचाऱ्या फळावर येतो.

सोया दूधही आम्लानं फुटतं, त्यामुळे त्यानं प्रश्न सुटत नाही. नारळाच्या दुधात प्रथिन थोडं, त्यामुळे गुठळ्या दिसत नाहीत, फार तर वर थर येतो आणि ढवळलं की मिसळतो. आंबा आणि अननसाला ते उत्तम.

आता एका ४०० मिलिच्या पेल्याचं माप, ज्यावरून बाकी सगळं कमी-जास्त करायचं. गोड केलेला गार अर्क १२० मिलि, गार दूध ८० ते ९० मिलि, फळाचा गर किंवा पाक ६० ग्रॅम, बर्फ १२० ग्रॅम, म्हणजे फ्रिजच्या ट्रेमधले साधारण आठ खडे. घट्ट झाकणाच्या बरणीत किंवा स्टीलच्या बाटलीत आधी चहा, दूध आणि निम्मा बर्फ घालून १५ सेकंद जोरात हलवा. फेस येतो, त्यानं चव हलकी लागते. तैवानमध्ये या पेयांना ‘हातानं हलवलेली’ म्हणतात ते यासाठीच. फळाचा गर पेल्याच्या तळाशी, त्यावर उरलेला बर्फ, त्यावर बरणीतलं मिश्रण बारीक धारेनं. गरम चहा बंद बरणीत कधीही हलवू नका, आतल्या दाबानं झाकण उडतं आणि हात भाजतो.

ही झाली चौकट. खरा खेळ फळाचा, आणि तिथे एकच पद्धत सगळ्यांना लागू होत नाही.

तुम्हाला स्ट्रॉबेरी हवी आहे, तेव्हा आधी तीच. कच्ची फिरवून घालू नका, पाक करा. महाबळेश्वरकडची फळं हिवाळ्यात भरपूर येतात तेव्हा पूर्ण लाल, देठापाशी पांढरी नसलेली २५० ग्रॅम निवडा. चिरून १०० ग्रॅम साखरेत अर्धा तास ठेवा, रस सुटेल. मग मंद आचेवर ८ ते १० मिनिटं, फोडी मऊ होऊन रस चमच्याला किंचित चिकटेपर्यंत. त्यापुढे नेलं तर जॅमचा वास येतो आणि ताजेपणा जातो. शिजवण्याचे दोन फायदे: पाणी कमी झाल्यानं थोड्या पाकात चव जास्त मिळते आणि फळातलं पेक्टिन (जॅमला घट्टपणा देतं ते द्रव्य) सुटून पाक दाट होतो, त्यामुळे तो तळाशी बसून राहतो, दुधात एकदम पसरत नाही.

आम्ल मात्र शिजवून जात नाही. फार आंबट फळ असेल तर गॅस बंद केल्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा, २५० ग्रॅम फळाला अर्धा ग्रॅम, टाकून ढवळा. फसफसेल आणि शांत होईल. याहून जास्त नको. रंग लालाचा जांभळट मळकट होतो आणि साबणाची चव येते. मला स्वतःला सोड्यापेक्षा कंडेन्स्ड मिल्कचा मार्ग आवडतो. अर्कात साखर घालायचीच नाही, ९० मिलि दुधाऐवजी ५० मिलि दूध, २० मिलि क्रीम आणि २५ ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घ्यायचं. सगळं दाट आणि थंड राहतं, गुठळी धरायला वेळ लागतो. स्ट्रॉबेरीची मिल्क टी थरांचीच ठेवा, तळाशी लाल आणि वर दुधाळ, आणि पिताना ढवळत जा. पूर्ण ढवळून पंधरा-वीस मिनिटं ठेवली तर बारीक कण दिसायला लागतील. ते विषारी नसतात, फक्त दिसायला वाईट आणि जिभेला खडबडीत.

क्रश उरलंय ते फेकू नका. दूध वगळून नुसत्या गार चहात, सोड्याच्या पाण्यात घाला, तिथे ते आपल्या जागी आहे.

आंब्याची अडचण उलटी. पिकलेला हापूस आंबटपणात मधला, शिवाय गर दाट, म्हणून दूध टिकतं. पण त्याचा सुगंध आणि गोडी एवढी की चहा दबतो. इथे गर ६० वरून ५० ग्रॅमवर आणा, अर्काला १२ ऐवजी १५ ग्रॅम पत्ती घ्या (वेळ तीच, ५ मिनिटं) आणि दूध ७० मिलिवर थांबवा. गर चाळणीतून काढा. दाट गर जिभेवर बसतो आणि मग मागून येणारा चहा लागत नाही. पेल्यात दोन-तीन दाणे मीठ घाला, गोडीचा चिकटपणा कमी होतो. डब्यातल्या आमरसात साखर आणि बहुधा सायट्रिक आम्लही असतं, तेव्हा अर्कातली साखर निम्मी करा. आणि आइस्क्रीमचा गोळा टाकायचा मोह झाला तर सरळ मस्तानी करा, चहा वाया कशाला घालवायचा!

संत्र्याचा रस दुधाच्या चहात घालण्याचा विचारच सोडा. पण संत्र्याची मिल्क टी होते, आणि फार छान होते, कारण संत्र्याचा सुगंध रसात कमी आणि सालीत जास्त असतो. सालीच्या तेलात आम्ल नसतं. नागपुरी संत्र्याची साल सैल, त्यामुळे सोलाण्यानं ती निघत नाही. आधी संत्रं सोला, मग सालीच्या आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेनं खरवडून काढा, तो कडू असतो. उरलेली केशरी साल ५ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्ध्या संत्र्याची, पत्तीबरोबरच गरम पाण्यात घालून ५ मिनिटं ठेवा. गाळा. हा अर्क गार केला की दुधाबरोबर बिनधास्त वापरा. गरम पिण्याची हौस असेल तरीही हाच एक मार्ग: फळाचा गर नको, सालीचा वास घ्या. लिंबाची साल, सफरचंदाची साल आणि दालचिनी याच पद्धतीनं चालतात. आपण गवती चहा टाकतो तेव्हा लिंबासारखा वास येतो आणि दूध मात्र शाबूत राहतं, त्यातलंच हे.

अननस, पपई, किवी आणि ताजं अंजीर यांचा प्रश्न नुसत्या आम्लाचा नाही. यांच्यात प्रथिन तोडणारी एन्झाइम असतात. न शिजवलेला अननस दुधात घातला की थोड्या वेळानं पेय कडू होतं, कितीही गार ठेवलं तरी. तैवानमध्ये पपईचं दूध घरोघरी पितात, पण मिक्सरमधून काढल्या काढल्या, कारण ठेवलं की तेही कडवट होतं. अननसाचे तुकडे साखरेत निदान पाच मिनिटं खळखळ उकळले की एन्झाइम निकामी होतं. आम्ल राहतंच, म्हणून त्याला नारळाचं दूध. पपईतलं एन्झाइम उष्णतेला जास्त टिकतं, तिच्या वाटेला न गेलेलं बरं. किवी शिजवला की रंगही जातो, म्हणजे हातात काहीच उरत नाही.

सगळ्यांत सोपी फळं ती, ज्यांचं आपण दुधात पूर्वीपासून काही ना काही करत आलो आहोत. शिकरणीतलं केळं, शेकमधला चिकू, रबडीतलं सीताफळ. आम्ल कमी, दूध सुरक्षित. फक्त प्रत्येकाची एक खोड आहे. केळं काळं पडतं, तेव्हा फिरवल्यावर लगेच वापरा आणि त्याला कडक आसाम द्या. चिकू पूर्ण पिकलेला हवा, अर्धवट चिकूचा चीक चहाच्या तुरटपणाशी हातमिळवणी करून तोंड आकसवतो. सीताफळ तापवायचं नाही, गर गरम केला की कडू होतो. बिया हातानं वेगळ्या करून थंड गरच घ्या आणि तो ७० ग्रॅमपर्यंत वाढवा, कारण त्याची चव नाजूक आहे. खरबूजही तसंच नाजूक, शिवाय पाणीदार. त्याचा गर घेतला की बर्फ निम्मा करा. लिची डब्यातली घेतलीत तर फळ फिरवा आणि डब्यातला पाक साखरेऐवजी वापरा. जांभूळ आणि डाळिंब दोन्ही तुरट, चहाही तुरट. या जोड्या मी टाळतो.

साबुदाण्याची खळ का झाली? बहुधा खिचडीचा लहान दाणा होता आणि तो भिजवून मग उकळला. बोबाचे मोती आणि साबुदाणा दोन्ही टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदाच्या स्टार्चचे. आपल्याकडचा साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूच्या सेलम भागातून येतो. पण भिजवलेला दाणा बाहेरून आधीच फुगलेला असतो, आतपर्यंत उष्णता पोचेतो बाहेरचा थर विरघळून जातो. मोठा दाणा घ्या, वरची पिठी जाण्यापुरता एकदा पटकन धुवा, भिजवू नका. अर्धी वाटी दाण्याला किमान पाच वाट्या खळखळ उकळतं पाणी. १२ ते १५ मिनिटं, मधूनमधून तळ ढवळत. मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका राहिला की गॅस बंद, झाकण, १० मिनिटं. मग गार पाण्याखाली धुवून चिकट खळ काढून टाका आणि दोन चमचे साखरेच्या पाकात ठेवा, म्हणजे दाणे सुटे राहतील. चावायला बोबाइतके चिवट नसतील.

तो चिवटपणाच हवा असेल तर १०० ग्रॅम टॅपिओका स्टार्च आणा. साबुदाणा दळून चालत नाही, तो बनवतानाच अर्धवट शिजलेला असतो. ६० मिलि पाण्यात ४० ग्रॅम तपकिरी साखर उकळा, उकळी असतानाच तिसरा हिस्सा स्टार्च घालून घोटा, चिकासारखं होईल. खाली उतरवून उरलेला स्टार्च मिसळा आणि सोसेल तितकं गरम असताना मळा. पाणी उकळतं नसेल तर पीठ मूठ आवळली की घट्ट आणि सोडली की वाहणारं होतं, ते सुधारत नाही, पुन्हा सुरुवात करा. ७-८ मिलिमीटरच्या गोळ्या वळा, भरपूर उकळत्या पाण्यात २० मिनिटं शिजवा, १५ मिनिटं झाकून ठेवा, धुवा, पाकात टाका. चार तासांत संपवा. फ्रिजमध्ये ठेवले की स्टार्च आवळून मोती खडूसारखे होतात. एवढा खटाटोप रोजचा नाही. रोजच्यासाठी अर्ध्या वाटी पाण्यात एक चमचा सब्जा पंधरा मिनिटं भिजवला तरी काम भागतं आणि स्ट्रॉबेरीबरोबर तर तो मला मोत्यांपेक्षाही बरा वाटतो.

साठवणीचं. अर्क फ्रिजमध्ये एक दिवस, स्ट्रॉबेरीचा पाक स्वच्छ बाटलीत पाच-सहा दिवस. एकत्र केलेली मिल्क टी बाटलीत भरून दुपारी पिण्याचा बेत असेल तर केळं, चिकू किंवा संत्र्याच्या सालीची करा. आंबट फळांची टिकणार नाही. आणि मुलांना द्यायची असेल तर लक्षात ठेवा की एका पेल्यात ६ ग्रॅम पत्तीचा अर्क आहे, रोजच्या कपाच्या दुप्पट-तिप्पट. त्यांच्यासाठी अर्क ४० मिलि आणि बाकी दूध, आणि संध्याकाळनंतर नको.

नवं फळ हाती आलं की पूर्ण पेला करण्याआधी वाटीत तीन चमचे गार दूध, एक चमचा चहाचा अर्क आणि दोन चमचे फळ ढवळून पाच मिनिटं थांबा. वाटीच्या काठावर कण दिसले तर थरांची करा किंवा क्रीम वाढवा. काही दिसलं नाही तर मोकळेपणानं हलवा.

आणि एवढं करूनही एखादी बरणी नासलीच, तर ओतून देऊ नका. ती पुरती फुटू द्या, वाटल्यास थोडं लिंबू पिळून फोडाच, आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग मलमलच्या फडक्यातून हळूहळू गाळा. पहिलं गढूळ पाणी पुन्हा त्याच चोथ्यावर ओता, तो चोथाच गाळणीचं काम करतो. खाली पारदर्शक, गुलाबी झाक असलेला गोड चहा उतरतो. दुधाच्या गुठळ्यांनी तुरटपणा स्वतःकडे ओढून घेतलेला असतो, त्यामुळे तो कमालीचा मऊ लागतो. बर्फ घालून त्याच दिवशी संपवा.